ताट, पैसा आणि प्रार्थना: आफ्रिकेतल्या घरांच्या आरोग्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी आहारतज्ज्ञ आहे आणि गेली अकरा वर्षं नैरोबीत राहते. सुट्टीत पुण्याला आले की नातेवाईक, मैत्रिणी आणि नोकरीसाठी इकडे यायला निघालेली मंडळी मला फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. एकदा बसून उत्तरं लिहून काढावीत असं कित्येक दिवस मनात होतं. बरीचशी उदाहरणं केनियातली आहेत, कारण इथल्या स्वयंपाकघरांत मी बसले आहे, जेवले आहे.

"आफ्रिकेतली घरं" असं सगळ्यांना एकाच दावणीला बांधून बोलता येतं का?

नाही. ५४ देश आहेत. इथिओपियाच्या अदिस अबाबातल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती घराचं आणि सेनेगलमधल्या मुस्लिम घराचं जेवण, कर्ज, सणवार यांतलं काहीच जुळत नाही. तरी मी जिथे जिथे पाहिलं तिथे एक गोष्ट सारखी दिसली. खाण्याचा, पैशाचा आणि देवाधर्माचा हिशेब घरात एकाच वहीत असतो, आणि ती वही बहुतेक वेळा घरातल्या बाईकडे असते. डॉक्टरांपुढे, आमच्यासारख्यांपुढे त्या वहीचं एखादंच पान उघडलं जातं. आम्ही त्या पानावर सल्ला देतो आणि मग तो पाळला जात नाही म्हणून नाराज होतो.

रोजच्या जेवणात असतं काय?

केनियात उगाली. पांढऱ्या मक्याचं पीठ उकळत्या पाण्यात वैरून घोटत राहायचं. आपली तांदळाची उकड आठवा, फक्त मीठ-मिरचीशिवाय आणि कापून वड्या पाडता येतील इतकी घट्ट. हाच पदार्थ झिम्बाब्वेत साड्झा, मलावीत न्सिमा, दक्षिण आफ्रिकेत पाप आणि युगांडात पोशो म्हणून भेटतो. उगालीबरोबर कांदा-टोमॅटोवर परतलेली 'सुकुमा विकी' ही हिरवी पालेभाजी. स्वाहिलीत सुकुमा म्हणजे ढकलणं आणि विकी म्हणजे आठवडा. पगार संपला, आता शनिवारपर्यंत या भाजीवर आठवडा ढकला! भाजीच्या नावातच महिनाअखेर आहे.

याच्या जोडीला घरात पैसे असतील तशी ओमेना, म्हणजे व्हिक्टोरिया सरोवरातली बोटभर वाळवलेली मासळी. कधी राजमा, कधी मूग. त्यांना इथे 'न्देंगू' म्हणतात. सणाला, पाहुण्यांना चपाती. हो, चपातीच, त्याच नावाने, आणि ती इथे थाटाची गोष्ट आहे.

इथिओपियातलं ताट मराठी माणसाला चटकन आपलंसं वाटतं. टेफ नावाच्या राईपेक्षाही बारीक धान्याचं पीठ आंबवून केलेली इंजेरा ही आपल्या आंबोळीची थोरली बहीण, आणि तिच्यावर वाढलेलं 'शिरो' हे चक्क पिठलं. टेफचा दाणा इतका बारीक की कोंडा काढायचा म्हटलं तरी निघत नाही, त्यामुळे धान्य अख्खंच दळलं जातं. पश्चिम आफ्रिकेत भात, कोनफळाच्या जातीचे यॅम आणि कसाव्याचं, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाचं, भरड पीठ गारी.

मग हे जेवण निकृष्ट आहे का?

अजिबात नाही. उगाली, भरपूर सुकुमा आणि मूठभर ओमेना एवढं ताटात असेल तर आहारतज्ज्ञ म्हणून मला त्यात फारशी उणीव काढता येणार नाही. ओमेना काट्यासकट खातात, म्हणजे कॅल्शियमही मिळतं. बिघडतं ते ताट आक्रसायला लागल्यावर. पैसे कमी पडले की आधी ओमेना जाते, मग सुकुमाचा वाटा कमी होतो आणि उगालीचा गोळा मोठा होत जातो. पोट भरतं, मूल रडत नाही. पण लोह, जस्त, अ जीवनसत्त्व मिळत नाही, आणि दोन वर्षांनी त्या मुलाची उंची वयाच्या मानाने कमी भरते. अशी उपासमार बाहेरून दिसत नाही, म्हणून तिच्यासाठी कोणी धावतही नाही.

मका तर अमेरिकेतला. त्याआधी हे लोक काय खायचे?

ज्वारी, बाजरी, नाचणी. हा प्रश्न कोणी विचारला की मला फार आनंद होतो, कारण आपण ज्याला अस्सल महाराष्ट्राचं अन्न म्हणतो ते आफ्रिकेतून आलं आहे. ज्वारी पहिल्यांदा पिकवली गेली ती सुदानच्या पूर्व भागात, बाजरी सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या पट्ट्यात आणि नाचणी पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागात. ही तिन्ही धान्यं हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडे पोचली. सुदानमध्ये आजही ज्वारीचं पीठ आंबवून पातळ 'किस्रा' करतात. केनियात नाचणीला 'विंबी' म्हणतात आणि तिची पातळ 'उजी' बाळंतिणीला, तान्ह्याच्या वरच्या आहाराला, आजाऱ्याला देतात. कोकणातली नाचणीची आंबील ज्या कामासाठी, त्याच कामासाठी.

मका आला सोळाव्या शतकात, पोर्तुगीजांबरोबर. कणसावर पानांचं आवरण असल्याने पाखरं कमी खातात, झोडपणी-मळणीचे कष्ट वाचतात, उतारा जास्त. विसाव्या शतकात तो इतका पसरला की केनियात आज मका नसेल तर लोक 'घरात अन्न नाही' असं म्हणतात. गिरणीत कोंडा आणि अंकुर काढून टाकलेलं पांढरंशुभ्र पीठ प्रतिष्ठेचं झालं, आणि सत्त्व गेलं ते तिथेच. २०१२ पासून केनियात पाकीटबंद मका-पिठात लोह, जस्त आणि जीवनसत्त्वं मिसळणं सक्तीचं आहे. कोपऱ्यावरच्या छोट्या चक्कीवरून दळून आणलेल्या पिठाचं काय, हा प्रश्न उरतोच.

मांस परवडत नाही हे समजलं. पण कडधान्यं तर स्वस्त असतात ना?

मीही हेच म्हणायचे. इथे आले त्या पहिल्या वर्षी एका तरुण आईला मी राजमा कसा भिजवायचा, मोड कसे आणायचे, सगळं समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "राजम्याचे पैसे आहेत. तो शिजवायच्या कोळशाचे नाहीत." मला त्या दिवशी काहीतरी मूलभूत कळलं.

राजमा मातीच्या शेगडीवर, म्हणजे 'जिको'वर, शिजायला दोन-तीन तास लागतात. उगाली वीस मिनिटांत होते. रोजंदारीवर जगणाऱ्या घरात जळण ही डाळीपेक्षा मोठी बाब असते. म्हणून वस्तीत संध्याकाळी मोठ्या पातेल्यात मका-राजम्याची उकडलेली 'गिथेरी' विकणारी बाई बसते. तिच्याकडून वाटीभर घेणं घरी शिजवण्यापेक्षा स्वस्त पडतं. पोषणाच्या दृष्टीने त्या वस्तीतली सगळ्यात महत्त्वाची व्यक्ती तीच, असं माझं मत आहे.

दुसरी गोष्ट 'कादोगो'ची. कादोगो म्हणजे चिमुकलं. तेल लहानशा मापाने, पीठ पावशेराने, साखर चमच्याच्या पुडीत. कमाई रोजची, म्हणून खरेदीही रोजची. किलोमागे हिशेब केला तर गरीब घर श्रीमंत घरापेक्षा महाग साखर खातं. महिन्याचा किराणा एकदम भरा, हा सल्ला चुकीचा नाही, पण तो ऐकायला हातात महिन्याचे पैसे एकदम यावे लागतात.

मक्यातून विषबाधा होते असं वाचलं होतं. खरं आहे?

खरं आहे. मका नीट वाळला नाही, दमट जागी साठवला, की त्यावर बुरशी येते आणि तिच्यापासून अफ्लाटॉक्सिन हे यकृताला मारणारं विष तयार होतं. २००४ साली केनियाच्या पूर्व भागात, मुख्यतः मकुएनी आणि कितुई जिल्ह्यांत, ३१७ जण आजारी पडले आणि त्यातले १२५ दगावले. बुरशी लोकांना दिसत नव्हती असं नाही. पण कोठीत दुसरं धान्य नव्हतं. हेच विष शेंगदाण्यातही होतं, तेव्हा आपणही खवट, काळपट दाणे निवडून फेकावेत.

शहरात मधुमेह आणि लठ्ठपणा वाढतोय म्हणे. गरिबी आणि लठ्ठपणा एकाच वेळी कसे?

एकाच घरातसुद्धा असतात. आई स्थूल, मूल खुरटलेलं. स्वस्तात पोट भरणारं जे आहे ते तेलकट, गोड, पिठाळ आहे: तळलेले बटाटे, मंडाझी नावाचे तळलेले गोळे, सोडा म्हणजे बाटलीतलं गोड शीतपेय, चार चमचे साखरेचा चहा. दक्षिण आफ्रिकेत प्रौढ स्त्रियांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणींचं वजन जास्त आहे. तिथल्या सरकारने एप्रिल २०१८ पासून साखरयुक्त पेयांवर कर लावला. केनियात २०१५ च्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा उच्च रक्तदाबाचा निघाला, आणि त्यातल्या बहुतेकांना त्याचा पत्ताच नव्हता.

यामागे एक दुखरी आठवणही आहे. एचआयव्हीच्या सर्वांत वाईट वर्षांत बारीक होत जाणं म्हणजे 'तो आजार' असं लोक समजत. ज्या बाईने शेजारी तसे झिजून गेलेले पाहिले आहेत तिला "दहा किलो कमी करा" म्हणणं म्हणजे काय, याचा विचार सल्ला देणाऱ्याने करायला हवा.

घरात पैसा कोणाच्या हातात आहे याने आरोग्यात फरक पडतो का?

पडतो, आणि तो मोजलाही गेला आहे. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेद संपत आला तेव्हा कृष्णवर्णीय वृद्धांना पूर्ण पेन्शन मिळू लागली. अर्थतज्ज्ञ एस्थर दुफ्लो यांनी, ज्यांना पुढे २०१९ चं नोबेल मिळालं, त्या घरांतल्या नातवंडांची वजनं-उंची तपासली. पेन्शन आजीच्या हातात येत होती त्या घरांतल्या नातींची वाढ सुधारली होती. आजोबांच्या हातात आली तिथे असा फरक दिसला नाही. रक्कम तीच, नोटा त्याच.

गरिबांना रोख पैसे दिले तर ते दारूत जातात, हा अनुभव तिकडे येत नाही का?

हा प्रश्न आपल्याकडेही कामवाल्या बाईंच्या नवऱ्याचं उदाहरण देऊन विचारला जातो. केनियातल्या प्रयोगांतून आलेलं उत्तर वेगळं आहे. पश्चिम केनियातल्या अभ्यासात अट न घालता रोख रक्कम दिली, तेव्हा घरातलं खाणं सुधारलं, मनाची अवस्था सुधारली; दारू-तंबाखूवरचा खर्च वाढला नाही. २०१४ ते २०१७ दरम्यान सियाया जिल्ह्यात दहा हजारांहून अधिक गरीब घरांना प्रत्येकी सुमारे हजार डॉलर देण्यात आले. त्या गावांतल्या बालमृत्यूंचा हिशेब २०२५ मध्ये समोर आला: एक वर्षाखालच्या बाळांचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते. बाळंतपणाच्या आसपास पैसे हातात आले की बाई शेवटच्या महिन्यांत अवजड काम टाळू शकते, दवाखान्यात बाळंत होऊ शकते, जेवू शकते. यात गूढ काही नाही, आणि म्हणूनच त्याचा राग येतो. हे आपल्याला आधीपासून माहीत असायला हवं होतं.

आपल्या भिशीसारखं काही तिकडे आहे का?

अगदी तसंच. केनियात 'चामा', इथिओपियात 'इक्कुब', दक्षिण आफ्रिकेत 'स्टॉकव्हेल', घानात 'सुसू', फ्रेंच बोलणाऱ्या देशांत 'तोंतीन'. दहा-पंधरा बायका दर आठवड्याला ठरावीक रक्कम काढतात आणि पाळीपाळीने उचलतात. दक्षिण आफ्रिकेत खास किराण्याचे स्टॉकव्हेल असतात. वर्षभर जमवून डिसेंबरात पीठ-तेल-साखर घाऊक घेतात, म्हणजे कादोगोच्या महागाईवर मात करतात. चामात बहुधा एक वेगळा डबा आजारपणासाठी असतो. इथिओपियात 'इद्दिर' आहे, मूळ मर्तिकासाठी जमवलेली वर्गणी, जी कठीण प्रसंगात इतर कामांनाही येते.

मार्च २००७ मध्ये केनियात मोबाइलवरून पैसे पाठवण्याची एम-पेसा सेवा सुरू झाली. त्यातला 'पेसा' म्हणजे आपला पैसा. स्वाहिलीने तो शब्द हिंदी महासागरावरच्या व्यापारातून उचलला, आणि पूर्व आफ्रिकेत १९२० पर्यंत रुपयाही चालत होता. विम्याला स्वाहिलीत 'बिमा' म्हणतात. एम-पेसामुळे केनियातली सुमारे १ लाख ९४ हजार घरं अत्यंत गरिबीतून वर आली, असा निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाला. आरोग्याच्या बाजूने त्याचा अर्थ इतकाच: गावाकडे आई आजारी पडली तर नैरोबीतला मुलगा त्याच मिनिटाला पैसे पाठवतो. पूर्वी ते पैसे बसच्या ड्रायव्हरबरोबर लिफाफ्यात जायचे.

पण त्याच फोनवर बटण दाबताच कर्जही मिळतं आणि सट्टाही लावता येतो. माझ्याकडे येणाऱ्या घरांत वजन उतरण्याचं कारण शोधताना मी आता फोनवरच्या हप्त्यांबद्दल विचारते.

दवाखान्याचं मोठं बिल आलं तर?

'हरांबी'. म्हणजे 'सगळे मिळून ओढू या'. व्हॉट्सॲप गट तयार होतो, चर्चमध्ये घोषणा होते, कोणी पाचशे शिलिंग टाकतं, कोणी पन्नास. गावाकडची गाय विकली जाते. हे पाहताना डोळे भरून येतात, आणि त्याच वेळी हा मार्ग किती तोकडा आहे हेही दिसतं. माझ्या पाहण्यात उपचारासाठी जितके जमतात त्यापेक्षा मयतीसाठी लवकर आणि जास्त जमतात. मृत्यूला तारीख असते, पाहुणे येणार असतात, मान राखायचा असतो. उच्च रक्तदाबाच्या गोळीसाठी कोणी हरांबी करत नाही.

बिल फिटेपर्यंत रुग्णाला दवाखान्यातच अडकवून ठेवण्याची प्रथाही होती. बाळंतपणानंतर अशा अडकवलेल्या दोन स्त्रियांच्या खटल्यात केनियाच्या उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ते घटनाबाह्य ठरवलं. तरी बिलाची भीती घरात घर करून असते, आणि माणूस उशिरा येतो. उशिरा आलेल्या माणसाचं बिल आणखी मोठं होतं.

सरकारी विमा नाही का?

आहे, आणि देशागणिक त्याची कहाणी निराळी. रवांडाची 'म्युच्युएल द सांते' ही गावपातळीवरची योजना बहुसंख्य लोकांपर्यंत पोचली, कारण अगदी गरिबांची वर्गणी इतर कोणी भरतं. घानाने २००३ मध्ये राष्ट्रीय आरोग्य विम्याचा कायदा केला आणि पैसा मुख्यतः विक्रीकरासारख्या करातून उभा केला. केनियात ऑक्टोबर २०२४ पासून सोशल हेल्थ ऑथॉरिटी आली: पगारदाराच्या एकूण पगाराचे २.७५ टक्के, महिन्याला किमान ३०० शिलिंग. पण पगार नसलेल्यांना वर्षाची रक्कम एकदम भरायला सांगितली गेली. तेल चमच्याने घेणाऱ्या घराला! पुढे हप्त्यांची सोय काढावी लागली.

आफ्रिकेतल्या राष्ट्रप्रमुखांनी २००१ मध्ये नायजेरियातल्या अबुजा इथे अर्थसंकल्पाचे १५ टक्के आरोग्यावर खर्च करण्याचं वचन दिलं होतं. ते पाळणारे देश हाताच्या बोटांवर मोजता येतील.

लोक आधी डॉक्टरकडे जातात की धर्मगुरूकडे?

दोघांकडे, कधी एकाच दिवशी. यात त्यांना विसंगती वाटत नाही आणि मलाही वाटेनाशी झाली आहे. कित्येक देशांत खेड्यातला एकमेव चालू दवाखाना मिशनचाच असतो. शिवाय आजार दोन प्रश्न घेऊन येतो. 'काय झालं?' याचं उत्तर प्रयोगशाळा देते. 'मलाच का?' याचं उत्तर माणूस प्रार्थनेत, वडीलधाऱ्यांकडे किंवा पारंपरिक वैदूकडे शोधतो. आपल्याकडे ऑपरेशनची तारीख ठरली की कुलदैवताला नवस बोलतातच ना?

मी फक्त एक विचारते: झाडपाल्याचं औषध चालू आहे का, आणि कोणतं? रागावून विचारलं तर कोणी सांगत नाही.

प्रार्थनेवर विसंबून औषधं बंद केली जातात हे खरं का?

हो, आणि त्याने माणसं मेली आहेत. केनियाच्या किनारपट्टीवर शाकाहोलाच्या जंगलात एका उपदेशकाच्या सांगण्यावरून लोकांनी उपाशी राहून जीव दिला, मुलांनाही उपाशी ठेवलं. २०२३ मध्ये तिथून चारशेहून अधिक मृतदेह उकरून काढावे लागले. त्यानंतर कित्येक महिने इथे 'उपास' हा शब्द उच्चारताना लोकांचा आवाज खाली जायचा.

पण श्रद्धेकडून वाट मोकळी झाल्याचीही मोठी उदाहरणं आहेत आणि ती बाहेर कमी सांगितली जातात. अदिस अबाबाजवळ एंटोटो डोंगरावरच्या मरियमच्या तीर्थाचं पाणी घ्यायला एचआयव्ही झालेले हजारो लोक येत, आणि तीर्थ घ्यायचं तर गोळ्या सोडायच्या अशी अनेकांची समजूत होती. २००७ मध्ये इथिओपियन चर्चचे प्रमुख आबुने पावलोस यांनी जाहीरपणे सांगितलं की तीर्थ आणि गोळ्या दोन्ही घ्या. डॉक्टरांच्या शंभर भाषणांनी जे झालं नसतं ते तिथे झालं. उत्तर नायजेरियात २००३ मध्ये पोलिओची लस नपुंसक करते या अफवेने लसीकरण थांबलं होतं. इमाम आणि पारंपरिक राजे पुढे येऊन आपल्याच नातवंडांना थेंब पाजू लागले तेव्हा ते मार्गी लागलं. २५ ऑगस्ट २०२० ला आफ्रिका खंड नैसर्गिक पोलिओ विषाणूपासून मुक्त जाहीर झाला. पश्चिम आफ्रिकेत २०१४ ते २०१६ मध्ये इबोलाने ११ हजारांहून अधिक बळी घेतले. मृतदेहाला हात लावून स्नान घालण्याच्या रीतीतून तो पसरत होता. इमाम आणि पाद्री यांच्याशी बसून, हात न लावता पण सन्मानाने दफन कसं करायचं हे ठरलं, तेव्हा लोकांनी मृतदेह लपवणं कमी केलं.

उपासांचं काय?

इथिओपियातल्या ऑर्थोडॉक्स घरात बुधवार, शुक्रवार, ईस्टरआधीचे ५५ दिवस आणि इतर व्रतं धरून वर्षाचे सुमारे १८० दिवस मांस, दूध, अंडी वर्ज्य. आपल्या चातुर्मासाहून कितीतरी कडक. उपासाचं ताट मात्र मसूर, शिरो, पालेभाज्यांनी भरलेलं असतं आणि निरोगी प्रौढाला त्याचा त्रास होत नाही. अडचण लहान मुलांची. चर्चने लहानग्यांना सूट दिलेली आहे, पण घरात दूध-अंडं आलंच नाही तर मुलाला कुठून मिळणार? उपासाचं भांडं बाटेल म्हणून आई वेगळं शिजवतही नाही. मुलासाठी एक छोटं पातेलं निराळं ठेवा, एवढं सुचवलं की बऱ्याच आयांना ते पटतं.

चर्चला दशांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, देण्यामुळे घराची ओढाताण होत नाही का?

काही घरांत होते. 'जितकं देशील तितकं देव परत करेल' असं सांगून औषधाचे पैसे घेणाऱ्याला मी क्षमा करू शकत नाही. तेच चर्च कुठे कुठे तान्ह्या बाळाच्या घरी महिनाभर जेवण पोचवतं, हेही पाहिलं आहे. शिवाय दक्षिण आफ्रिकेतलं झायन ख्रिश्चन चर्च दारू आणि तंबाखू निषिद्ध मानतं, सेनेगलच्या तूबा या पवित्र शहरात दोन्हींवर बंदी आहे. नवऱ्याची दारू सुटली की दशांशाहून जास्त पैसे घरात राहतात, असं एका बाईने मला हिशेब करून दाखवलं होतं.

मनाच्या आजाराबद्दल कोणी बोलतं का?

यासाठी झिम्बाब्वेत जायला हवं. शोना भाषेत 'कुफुंगिसिसा' असा शब्द आहे: अति विचार करणं. डोक्यात तेच ते दळण चालू राहणं. डॉक्टर ज्याला नैराश्य म्हणतात त्याच्या फार जवळची ही गोष्ट, पण तिच्यात लाज नाही, कारण विचार तर सगळेच करतात.

हरारेचे मनोविकारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांच्या एका तरुण रुग्णाने आत्महत्या केली. तिला उपचाराला यायचं होतं, पण बसभाड्याचे पैसे नव्हते. त्या धक्क्यातून त्यांनी २००६ मध्ये म्बारे या दाट वस्तीत काम सुरू केलं. देशात मनोविकारतज्ज्ञ मोजके, खोल्या नाहीत, पैसे नाहीत. मिळाल्या त्या चौदा आज्या, ज्या आधीपासून आरोग्यसेविका म्हणून काम करत होत्या, आणि दवाखान्याबाहेर झाडाखाली एक बाक. डॉक्टरांना त्याला मानसिक आरोग्याचा बाक म्हणायचं होतं. आज्या म्हणाल्या, त्यावर कोणी बसणार नाही. मग 'फ्रेंडशिप बेंच' हे नाव पडलं. शब्दही आज्यांचेच: पहिली पायरी 'कुव्हुरा प्फुंग्वा', मन मोकळं करणं. आजी ऐकते, सगळ्या अडचणींतली एक निवडायला सांगते आणि त्या एकीवर आठवड्यात काय करता येईल ते दोघी मिळून ठरवतात.

२०१६ मध्ये ५७३ रुग्णांवरच्या चाचणीचे निकाल आले. सहा महिन्यांनंतर नेहमीचे उपचार मिळालेल्यांत निम्म्या लोकांत नैराश्याची लक्षणं शिल्लक होती. बाकावर बसलेल्यांत सुमारे १४ टक्क्यांत.

मला यातला पुढचा भाग जास्त आवडतो. बाकावरून उठलेल्या बायका 'कुबाटाना टोसे', म्हणजे हातात हात, या मंडळात येतात आणि जुन्या प्लास्टिकच्या पट्ट्या विणून पिशव्या करून विकतात. कारण लोक बाकावर येतात तेव्हा खूपदा बोलतात ते भाड्याबद्दल, नवऱ्याच्या मारहाणीबद्दल, एचआयव्हीबद्दल आणि संध्याकाळच्या जेवणाबद्दल.

आम्ही नैरोबीला राहायला येतोय. घरकामाला बाई ठेवू. आपल्या हातात काय आहे?

बरंच. तिच्या पगारातून २.७५ टक्के आरोग्य विम्याचे वेळच्या वेळी भरा. ती मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. हप्ता थकला तर ऐन बाळंतपणात कार्ड चालत नाही. पगार ठरलेल्या तारखेला द्या, कारण तिच्या चामाची तारीख त्यावर अवलंबून असते. ती दुपारी काय जेवते ते बघा. चहा-पाव असेल तर तुमच्यातलं वरण-भात तिच्यासाठीही शिजवा. तिला नावाने हाक मारण्याऐवजी 'मामा' (स्वाहिलीत आई) आणि पुढे तिच्या थोरल्या मुलाचं नाव म्हणा. इथे आईला तसंच हाकारतात.

आणि कोणी घरी जेवायला बोलावलं तर काय न्यायचं?

साखर, चहा पावडर, दोन किलो मक्याचं पीठ, जमलं तर तेल. मिठाईचा डबा कमी उपयोगाचा. उगालीचा तुकडा हाताने तोडून, बोटांनी खळगा करून त्यात भाजी घ्यायची. मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. मांस कुणा-कुणाला चालत नाही हे आधी कळवा, नाहीतर तुमच्यासाठी घरातली कोंबडी कापली जाईल आणि ती अंडी देणारी असेल. निघताना घरातलं मोठं माणूस बहुधा उभं राहून तुमच्या प्रवासासाठी प्रार्थना करतं, तुमच्या आईवडिलांचीही नावं विचारून घेतं. चपला घालायची घाई करू नका. ती प्रार्थना लांबते.